हवा वर चढते, तुमचं निपल खाली आहे

प्रश्न : काका, नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नोकरी संगणकाची, हौस गाड्यांची. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर १९९४ सालची माझदा मियाटा घेतली. लाल, दोन सीटची, टप उघडणारी. आधीच्या मालकानं ती काही वर्षं नुसती उभी ठेवली होती, म्हणून ब्रेक सगळे नवे करायचे ठरवले. चारही चाकांच्या डिस्क आणि पॅड बदलले, पॅड डिस्कवर दाबणारे पुढचे कॅलिपर रीबिल्ट, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखे केलेले, आणून बसवले. मागच्या कॅलिपरमधले पिस्टन आत जाईनात, सी-क्लॅम्पनं (स्क्रूच्या शिकंज्यानं) जोर लावला तेव्हा जेमतेम गेले.

तेव्हापासून पेडल पार खाली जातं. तीन-चारदा पटापट मारलं की वर येतं, पण वर आल्यावरही दाबलं की थोडं दबतंच. हातपंपानं ओढून हवा काढतोय, चार बाटल्या ब्रेक ऑइल गेलं, बुडबुडे संपत नाहीत. हँडब्रेक लागत नव्हता म्हणून केबल ताणली. आता लागतो, पण डावं मागचं चाक तापतं आणि वास येतो. शिवाय साठ मैलांच्या वेगात ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं.

इथल्या एका गॅरेजवाल्यानं मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) दोन्ही बदलायला सांगितलंय, खर्च हजार डॉलरच्या वर. वडील साताऱ्याहून फोनवर म्हणतात, ‘मास्टरमध्ये नुसतं किट टाक.’ एक मित्र म्हणतो, मोठे ब्रेक बसव. बायको गाडीत बसायला तयार नाही. काय करू? फोटो जोडले आहेत.

उत्तर : या सगळ्या सल्लागारांत तुमची बायको बरोबर आहे. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी ड्राइव्हवेच्या बाहेर काढू नका, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. न्यू जर्सीत २०१० पासून खासगी मोटारींच्या सरकारी तपासणीत ब्रेक बघतच नाहीत. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बघतात. तेव्हा तुमच्या गाडीचे ब्रेक ठीक आहेत की नाहीत, हे विचारायला कोणी येणार नाही. ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

आता तुमचे फोटो. पुढच्या उजव्या चाकाचा फोटो मोठा करून बघा. चाक काढलेलं, कोरी डिस्क, तिच्यावर चढवलेला कॅलिपर. कॅलिपरच्या मागच्या अंगाला येणारा रबरी होज वरच्या बाजूला जोडलाय, आणि रबरी टोपी घातलेलं, हवा काढायचं छोटं ब्लीड निपल जमिनीकडे तोंड करून आहे. डाव्या चाकाच्या फोटोतही तसंच. पुढचे दोन्ही कॅलिपर तुम्ही अदलाबदल करून बसवलेत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

ही चूक जगभर होते, कारण गाडी काहीच तक्रार करत नाही. बोल्ट बसतात, पॅड बसतात, चाक फिरतं, कुठे थेंबभर गळत नाही. फक्त हवा निघत नाही. निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी असतं ते याचसाठी की हवा आपोआप तिथे जमावी आणि पहिल्यांदा तीच बाहेर पडावी. ते खाली गेलं की पिस्टनच्या वरच्या पोकळीत हवा बसून राहते, उलट्या पेल्यात बसते तशी, आणि तुम्ही खालून स्वच्छ ऑइल काढत राहता. चार काय, चाळीस बाटल्या घातल्या असत्या तरी ती जागची हलली नसती. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पेडल वर आल्यावरही ‘थोडं दबतंच’ म्हणता ते हे.

तेव्हा पहिलं काम कॅलिपर आपापल्या बाजूला लावणं. यासाठी होज सोडवावा लागेल. होजच्या टोकाला जो पोकळ बोल्ट असतो, त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वॉशर असतात. ते प्रत्येक वेळी नवे घ्यायचे. जुने एकदा दबलेले असतात, परत धरतीलच याचा भरवसा नाही, आणि मिळतात चिल्लर पैशांत. बसवताना होजला पीळ पडलेला नाही ना ते बघा. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून होज कुठे घासतोय का तेही बघा. आणि हो, रीबिल्ट कॅलिपरच्या खोक्यावर डावा-उजवा अशी चिठ्ठी असते, तिच्यावर विसंबू नका. निपल वर आलं म्हणजे बाजू बरोबर.

कोणी सांगेल की एवढं कशाला, कॅलिपर नुसता सोडून हातात धरा, निपल वर करा, पॅडमध्ये लाकडाचा तुकडा ठेवा आणि हवा काढून परत बसवा. जमतं. पण पुढच्या खेपेला ऑइल बदलताना तोच खेळ पुन्हा, आणि गाडी विकली तर पुढचा मालक तुमच्या नावानं बोटं मोडणार. अर्धा दिवस जाईल, नीटच करा.

तुमचा हातपंप बाजूला ठेवा. निपल सैल करून पंपानं ओढलं की निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत शिरते आणि नळीत बुडबुड्यांची माळ लागते. ती हवा ब्रेकच्या आतली नसतेच. त्या माळेकडे बघून ब्रेकबद्दल काहीही ठरवता येत नाही.

जुनी दोन माणसांची पद्धतच धरा. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. ‘दाब’ म्हटलं की पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, चाकाशी बसलेल्यानं निपल पाव आटा सैल करायचं, ऑइल आलं की आवळायचं, आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणायचं. आवळण्याआधी पेडल सुटलं की हवा परत आत. तुमच्या गाडीत मास्टर डाव्या हाताला आहे, म्हणून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा : मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. मास्टरच्या वरच्या डब्यातलं ऑइल दर काही दाबांनंतर बघायचं. तो डबा एकदा रिकामा झाला की मास्टरमध्येच हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

पेडल दाबणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा. पेडल फरशीला टेकवायचं नाही. पेडलखाली लाकडाची फळी ठेवा म्हणजे ते अर्ध्यापेक्षा थोडं पुढे जाऊन थांबेल. रोजच्या वापरात मास्टरमधलं रबर थोड्याच अंतरात मागेपुढे होतं. पुढचा भाग वर्षानुवर्षं तसाच पडलेला असतो, आणि उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे गंज आणि गाळ धरतो. पेडल फरशीपर्यंत नेलं की रबराची कड त्या खरखरीत भागावरून घासत जाते आणि कापली जाते. हवा काढायला बसलेली माणसं चांगला मास्टर असाच घालवतात आणि मग ‘बघ, मास्टरच गेला होता’ म्हणतात.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं चालेल. नुकत्याच उघडलेल्या बाटलीतलं घ्या, मागच्या उन्हाळ्यात अर्धवट उरलेलं नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं असा नियम आहे, पाणी शोषलेल्यासाठी तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी २३० आणि १५५. डॉट ५ मात्र बिलकूल नको. ते सिलिकॉनचं असतं, या ऑइलमध्ये मिसळत नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर गाडीच्या लाल रंगाला फोड येतील.

आता मागची चाकं. खरा घोळ तिथे आहे, आणि याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

मियाटाच्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असते. त्यामुळे तो पिस्टन पुढच्यासारखा दाबून आत जात नाही. आत एक स्क्रू आहे, तो फिरवून पिस्टन मागे घ्यायचा असतो. तुम्ही सी-क्लॅम्पनं ढकलताना त्या स्क्रूवरच जोर आला. कॅलिपर मेलाच असं लगेच म्हणत नाही, कारण हँडब्रेक अजून लागतोय. पण पिस्टनभोवतीचा रबरी बूट फाटलाय का, खालून ओल दिसते का, हे नीट बघा. ओल दिसली तर तो कॅलिपर बदलायचा, चर्चा नाही.

बरोबर पद्धत अशी. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना मागून-पुढून ठोकळे, मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हातसुद्धा घालायचा नाही. हँडब्रेक पूर्ण खाली. आत सीटशेजारी हँडब्रेकच्या दांड्याच्या बुडाशी जो नट आहे, तो केबल ढिली पडेपर्यंत सैल करा. म्हणजे तुम्ही जे ताणलंत ते सगळं सोडा. मग दोन्ही मागच्या कॅलिपरवरचा छोटा दांडा, ज्याला केबल लागते, तो मागे जाऊन आपल्या थांब्याला टेकतोय का ते बघा. माझा अंदाज, डावीकडचा टेकत नसेल. केबल इतकी ताणलीत की हँडब्रेक खाली असतानाही तो दांडा थोडा ओढलेलाच राहतो आणि पॅड डिस्कला धरून बसतो. चाक तापतं त्यामुळे.

दांडा थांब्याला टेकला की कॅलिपरच्या आतल्या अंगाला, म्हणजे गाडीच्या मध्याकडे, १४ मिलिमीटरच्या पान्याचा एक बोल्ट दिसेल. तो काढा. घाबरू नका, त्यातून ऑइल येत नाही, ते नुसतं झाकण आहे. आत ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की बसते. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की पिस्टन पुढे, उलट फिरवलं की मागे. पॅड काढण्या-घालण्याआधी इथूनच पिस्टन मागे घ्यायचा होता. आता घड्याळाच्या दिशेनं फिरवत जा, एका हातानं डिस्क फिरवत राहा. डिस्क धरली गेली की थांबा आणि अ‍ॅलन की एक तृतीयांश आटा मागे घ्या. डिस्क हातानं मोकळी फिरायला हवी, किंचित घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही. झाकण लावा. दुसऱ्या बाजूला तेच. मग पेडल पाच-सहा वेळा दाबा, आणि त्यानंतरच आत जाऊन केबलचा नट आवळा. हँडब्रेक ओढताना पाच ते सात टिकटिक झाल्यावर पक्का लागला पाहिजे.

या सेटिंगचा तुमच्या पेडलशी थेट संबंध आहे. मागचा पॅड आणि डिस्क यांच्यात मोठी फट राहिली की ती भरून काढण्यातच पेडलची निम्मी चाल संपते. म्हणून पेडल खाली जातं, आणि पटापट मारलं की वर येतं, कारण दोन दाबांमध्ये पिस्टनला परत मागे जायला वेळ मिळत नाही. हवेमुळेही पेडल मारल्यावर वर येतं, म्हणून दोन्ही दुखणी सारखीच वाटतात. फरक वर आल्यानंतर कळतो. नुसती फट असेल तर वर आलेलं पेडल दगडासारखं लागतं. हवा असेल तर वर येऊनही पायाखाली लवचीक राहतं. तुमच्याकडे दोन्ही आहे. एकच दुरुस्ती केली असतीत तर ‘फरक पडला नाही’ म्हणून तीही चुकीची समजला असता.

गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या बूस्टरचा मला काही संबंध दिसत नाही. बूस्टर गेला की पेडल कडक होतं, मऊ नाही. घरच्या घरी तपासा : इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारा, पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. विषय संपला.

मास्टरबद्दल मात्र मी खात्रीनं बोलणार नाही, कारण हवा काढताना तुम्ही पेडल कितीदा खाली नेलंत कोण जाणे. वरची दोन्ही कामं झाल्यावर पेडल दाबून एकसारख्या जोरानं अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू फरशीकडे सरकत गेलं आणि चारही चाकांशी कुठेच गळती नसेल, तर मास्टरच्या आतलं रबर ऑइल अडवत नाही. मास्टर आणि बूस्टर जिथे जोडलेत तिथे बोट फिरवून ओल आहे का तेही बघा, मागचं रबर गेलं की ऑइल गुपचूप बूस्टरमध्ये उतरतं. तरीही शंका राहिली तर मास्टरची दोन्ही तोंडं योग्य मापाच्या बुचांनी बंद करा. पेडल वरच्या वर कडक झालं तर मास्टर निर्दोष, दोष पुढे.

मास्टर खरंच गेला असेल तर वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि किट टाकू नका. त्यांचं चूक नाही. फियाट-अँबेसेडरच्या काळात आपल्याकडे आख्खा मास्टर कोण घेत होतं? रबराचं किट यायचं, सिलिंडर पॉलिश पेपरनं घासायचा, गाडी चालू. पण गंजानं खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवं रबर फार दिवस धरत नाही. शिवाय मियाटा ही जगात सर्वात जास्त विकली गेलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, २०१६ मध्ये दहा लाखाचा आकडा गाठलेली. तिचा नवा मास्टर सहज मिळतो. बसवण्याआधी टेबलावर व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढून घ्या.

डावं मागचं चाक केबल सैल केल्यावरही धरत असेल, तर नुसते भाग बदलत बसू नका. चाक धरलेलं असतानाच त्या कॅलिपरचं निपल सैल करा. ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकलाय. नाही झालं, तर कॅलिपर किंवा तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना जाम आहेत. दाबच अडकला असेल तर निपल बंद करून पेडल पुन्हा दाबा, चाक धरू द्या, आणि आता होजच्या वरच्या टोकाचा, धातूच्या पाइपाशी असलेला जोड सैल करा. इथे चाक मोकळं झालं तर दोष त्याच्या वर, मास्टरकडे. इथे मोकळं झालं नाही आणि निपलला झालं, तर होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो. पायाच्या जोरानं ऑइल पुढे ढकललं जातं, परत यायला मात्र वाट राहत नाही.

खरं तर होजच्या बाबतीत मी तपासणीची वाट बघणार नाही. तीस वर्षांचं मूळ रबर असेल तर सगळे होज बदलून टाका. न तपासता बदला असं मी क्वचित सांगतो. स्टीलची जाळी असलेले घ्यायचे असतील तर ब्रेक होजसाठीच्या अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या मानकाचे घ्या, केवळ चकाकी बघून नको. आणि गाडीखाली झोपलाच आहात तर धातूचे पाइप क्लिपांच्या जागी नीट बघा. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गंज क्लिपखाली लपतो. पापुद्रे सुटत असतील तर तो पाइप बदलायचा. जोड सोडवायला साधा पाना नको, नट तीनचतुर्थांश वेढून धरणारा फ्लेअर पाना घ्या, नाहीतर नटाचे कोपरे जातील आणि दहा मिनिटांच्या कामाला आख्खा रविवार लागेल.

स्लाइड पिना काढून पुसा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस लावलंत तर रबर फुगून पीन पुन्हा अडकेल.

राहिली थरथर. ‘डिस्क वाकडी झाली’ असं सगळे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ती वाकडी नसते. जुन्या गाडीत डिस्क ज्या हबवर बसते त्या तोंडावर गंजाचे खवले असतात. त्यावरच नवी डिस्क चढवली की ती केसभर तिरकी बसते, फिरताना एका जागी पॅडला घासत राहते, आणि काही दिवसांत तिची जाडी जागोजागी वेगळी होते. डिस्क काढा, हबचं तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, परत बसवा, चाकाचे नट लावून आवळा आणि डिस्क किती डोलते ते मोजणारं डायल गेज लावून बघा. डोलणं ०.१ मिलिमीटरच्या आत राहिलं पाहिजे. चाकाचे नट टॉर्क पान्यानंच, साधारण ९० ते ११८ न्यूटन मीटर, समोरासमोरच्या क्रमानं. इम्पॅक्ट गनची घरघर ऐकायला छान वाटते, पण एक नट कमी आणि एक जास्त आवळला गेला की डिस्कला तेवढंही पुरतं. डिस्क आणि पॅड मागवताना वर्ष तपासलं होतं ना? १९९४ ला १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा डिस्कही मोठ्या झाल्या, पुढच्या २३५ च्या २५५ मिलिमीटर. आधीच्या वर्षांचे भाग तुमच्या गाडीला नाहीत.

दुसरं कारण, नवे पॅड नीट बसवून घेतले नसावेत. सगळं झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, साठ मैलांवरून दहापर्यंत दमदार ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न मारता काही मैल गाडी नुसती फिरवून थंड करायची. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलात तर पॅडचा थर तेवढ्याच जागी चिकटतो, आणि नेमका तोच पुढे स्टेअरिंगमध्ये जाणवतो.

अर्थात ही रस्त्यावरची गोष्ट नंतरची. आधी ड्राइव्हवेमध्येच इंजिन चालू करून पेडल उंच आणि कडक आहे ना बघायचं, मग चालण्याच्या वेगात थांबून बघायचं, मग गल्लीत. परत आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही डिस्क मोजा. डावी-उजवी जोडी साधारण सारखी हवी. चकाकत्या धातूवर तो आकडा कमी दाखवतो, म्हणून नेमक्या तापमानाकडे बघू नका, दोन बाजूंतला फरक बघा.

मोठ्या ब्रेकचं म्हणाल, तर मित्राला सांगा की ही जेमतेम टनभर वजनाची गाडी आहे. कारखान्याचे ब्रेक चाकं जाम करू शकतात. एकदा चाक जाम होऊ शकलं की तिथून पुढे थांबणं टायरच्या हातात असतं. मोठी डिस्क लागते ती उष्णता पचवायला, लागोपाठ जोरात ब्रेक मारावे लागतात तेव्हा. पुढेच मोठे बसवलेत तर मागचे ब्रेक आणखी रिकामे बसतील. उद्या मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला एखादा दिवस गाडी पळवायची हौस आली, तर आधी चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ घाला. तिथे ब्रेक कमी पडले तर पाय काय सांगतो ते लक्षात ठेवा. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापले. पेडलच मऊ होऊन खाली गेलं, तर ऑइल उकळलं. पहिल्याला पॅड बदलायचे, दुसऱ्याला ऑइल. आणि ट्रॅकवर एखाद्या लांब वळणानंतर फक्त पहिला दाब खोल गेला, दुसरा ठीक लागला, तर चाकाचं बेअरिंग हलवून बघा. ते सैल असलं की डिस्क डोलून पॅडना मागे ढकलते.

तर क्रम असा : पुढचे कॅलिपर, मागचं सेटिंग, होज, मग हवा, मग मास्टरची परीक्षा. हजार डॉलर तूर्त खिशात राहू द्या. पेडल धरून ठेवल्यावर सरकलं का आणि डावं मागचं चाक केबल सोडल्यावर मोकळं झालं का, एवढं मला कळवा. नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवाल तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवू नका. पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा. ओलीत महिनोन्‌महिने दाबून राहिलेला पॅड डिस्कला चिकटतो.